जर्मनीत मास्टर्सचा अर्ज: आधी कागद, मग एसओपी

जर्मनीला एमएसला जायचं ठरलं की बहुतेक मुलं दोन कामांनी सुरुवात करतात. एक म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास, आणि दुसरं म्हणजे एसओपीचा, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणाऱ्या पत्राचा, पहिला मसुदा. दोन्ही लागतातच, पण दोन्ही आपल्या हातात आहेत, रात्र जागून उरकता येतात. वर्ष जातं ते दुसऱ्याच्या टेबलावरून येणाऱ्या कागदांत: विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा कागद, कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, अर्ज छाननाऱ्या युनि-असिस्टची तपासणी, व्हिसाची तारीख. यातला एक अडकला की पुढचे सगळे अडकतात. म्हणून या लेखातला क्रम कागदांच्या हिशेबाने लावला आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या, आणि जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला ऑक्टोबरच्या सत्रात जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. इथले नियम आणि रकमा बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी आकडे संबंधित संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

पहिली पायरी: घरात पैशांचं बोलणं

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, फक्त सत्राचं शुल्क असतं, साधारण १०० ते ४०० युरो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग सगळी याच राज्यात. श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर, पण त्या नात्याने फी माफ होत नाही. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली.

मोठा आकडा मात्र फीचा नाही, ब्लॉक्ड अकाउंटचा आहे. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याची रक्कम आधीच भरून ठेवावी लागते: सध्या ११,९०४ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर जवळपास १२ लाख. हे पैसे तुमचेच, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे तुमच्या खात्यात येतात. पण व्हिसाच्या वेळी सगळी रक्कम एकरकमी लागते. बाबांची एफडी कधी मोडता येईल, गावची जमीन मध्ये आणायची की नाही, हे बोलणं ॲडमिशन लेटर आल्यावर करायचं नसतं. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेत आत्ताच एक प्रश्न विचारा: फी जवळजवळ नसलेल्या कोर्सला राहण्याच्या खर्चासाठी कर्ज देता का, आणि ती रक्कम थेट ब्लॉक्ड अकाउंटला पाठवता का? एकाच बँकेच्या दोन शाखांत याची दोन उत्तरं मिळू शकतात, म्हणून उत्तर लेखी मागा.

शिष्यवृत्तीचं पाहायचं तर राज्य सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची, आणि इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. त्यांत उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच ती अट समोर ठेवा. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची विकासाशी संबंधित कोर्सेसना मिळणारी शिष्यवृत्ती आहे, पण तिला साधारण दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. तिथे पोचल्यावर महिना ३०० युरोंच्या डॉइचलांडश्टिपेंडियमसाठी अर्ज करता येतो. मात्र ती मिळेलच असं धरून आज हिशेब मांडू नका.

दुसरी पायरी: कोर्स निवडणं, म्हणजे क्रेडिट जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अमेरिकेच्या अर्जाबद्दल ऐकून आलेली मुलं इथे हमखास चुकतात. तिकडे प्रोफाइल, निबंध, शिफारसपत्रं असं सगळं एकत्र तोललं जातं. जर्मन विद्यापीठ पहिला प्रश्न विचारतं तो वेगळाच: तुमच्या पदवीत आमच्या कोर्सला लागणारे विषय, लागतील तितक्या क्रेडिटचे, आहेत का? उत्तर नाही असेल तर तुमचा ९.२ सीजीपीए कुणी वाचतही नाही.

एक उदाहरण घ्या. ईअँडटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या, मुलीला इन्फॉर्मॅटिक्सचं मास्टर्स करायचं आहे. तिला पायथन येतं, मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स तिने केलाय, प्रोजेक्टही त्यातलाच आहे. पण कोर्सच्या नियमावलीत अल्गोरिदम, ऑटोमाटा, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क्रीट मॅथ्सची ठरावीक क्रेडिट्स मागितलेली असतात, आणि तिच्या मार्कशीटवर त्यातलं एखादंच नाव असतं. ऑनलाइन सर्टिफिकेट सहसा या हिशेबात धरत नाहीत. हीच मुलगी एम्बेडेड सिस्टिम्स किंवा कम्युनिकेशन इंजिनिअरिंगला अर्ज करते तेव्हा तिची बाजू एकदम भक्कम होते. बीकॉमवाल्यांचंही तसंच. अर्थशास्त्राच्या मास्टर्सला सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र यांची क्रेडिट्स लागतात. अकाउंटन्सी आणि ऑडिटिंग भरपूर असूनही तिथे फार उपयोग होत नाही.

युरोपातली क्रेडिट्स म्हणजे ईसीटीएस. पूर्ण वेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६०, तीन वर्षांच्या बॅचलरला १८०. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मार्कशीटवर चार वर्षांची मिळून १६० च्या आसपास क्रेडिट्स दिसतात आणि मुलं घाबरतात, ‘माझी तर १८० पण होत नाहीत’. घाबरू नका, ही दोन वेगळी मापं आहेत. चार वर्षांच्या १६० क्रेडिट्सना २४० ईसीटीएसच्या बरोबर धरलं, तर आपलं एक क्रेडिट दीड ईसीटीएसचं झालं. प्रत्येक विद्यापीठ हाच गुणाकार वापरेल असं नाही, पण स्वतःचा अंदाज घ्यायला तो पुरतो.

मग एक एक्सेल शीट करा. डाव्या रकान्यात कोर्सने मागितलेले विषयगट आणि त्यांची क्रेडिट्स, उजव्या रकान्यात तुमच्या मार्कशीटवरचे विषय आणि त्यांचं रूपांतर. कोर्सची अधिकृत नियमावली बऱ्याचदा फक्त जर्मनमध्ये असते. ती भाषांतरयंत्रात टाकून वाचा, पण वाचाच. कोर्सच्या पानावरचं चकचकीत वर्णन वाचून यादी करू नका. कोर्स शोधायला डाडची आंतरराष्ट्रीय कोर्सेसची यादी उत्तम आहे. भाषा, फी, शहर, सत्र असे सगळे फिल्टर तिथे लावता येतात.

आणखी दोन गोष्टी. पहिली, कोर्सला जागा मर्यादित आहेत की नाहीत ते पाहा. त्सुलासुंग्सफ्राय असं लिहिलं असेल तर पात्रता पूर्ण करणाऱ्याला प्रवेश मिळतो. यादीत असे एक-दोन कोर्स असू द्या. दुसरी, विद्यापीठ आणि होखशुले यातल्या फरकाचा बाऊ करू नका. होखशुले म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या संस्था, उद्योगांशी जवळीक जास्त. ज्याला पीएचडी करायची नाही, कंपनीत जायचं आहे, त्याने क्रमवारीत नाव नाही म्हणून त्या सोडणं मला तरी पटत नाही.

कन्सल्टन्सीबद्दल इथेच सांगून टाकतो. सरकारी विद्यापीठांकडून त्यांना कमिशन मिळत नाही, अनेक खाजगी संस्थांकडून मिळतं. त्यामुळे ‘तुझ्या मार्कांना पब्लिक मिळणं कठीण आहे, हे बघ बर्लिनमधलं’ असं वाक्य ऐकलं की आधी त्या संस्थेची फी पाहा. मग तिला राज्याची मान्यता आहे का ते पाहा. आणि वर्ग खरोखर तिथे भरतात की बरंचसं ऑनलाइन असतं, हेही विचारा. ऑनलाइनसाठी व्हिसा मिळत नाही.

तिसरी पायरी: नाव आणि ट्रान्सक्रिप्ट

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. जर्मन कारकुनाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने ही दोन माणसं असू शकतात. त्यामुळे सगळ्या अर्जांवर, आयईएलटीएसच्या नोंदणीवर, ईमेलवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, अक्षरन् अक्षर. मार्कशीटवर स्पेलिंगच वेगळं असेल, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ असेल, तर विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्यायला महिने लागतात, म्हणून ते काम आज सुरू करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत लागेल. नुसता क्रम वेगळा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते स्वस्तात होतं आणि पुढे कुणी मागितलं तर हाताशी असतं.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय, क्रेडिट्स आणि गुण एका जागी असलेला विद्यापीठाचा कागद. मुंबई विद्यापीठ असो की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, अर्ज करून तो मागवावा लागतो, आपोआप येत नाही. एकाच वेळी जास्त प्रती मागवा. स्वायत्त कॉलेजात असाल तर ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून आणि पदवी विद्यापीठाकडून, अशी विभागणी असू शकते, म्हणून परीक्षा विभागात नीट विचारा. जर्मन अर्जात मात्र पदवी देणारं विद्यापीठच लिहायचं. जर्मनीच्या अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या यादीत त्याचं नाव आणि दर्जा पाहा. एच प्लस म्हणजे मान्यताप्राप्त. कॉलेजचं नाव तिथे सापडलं नाही म्हणून धीर सोडू नका.

त्याच फेरीत आणखी तीन कागद उरकून घ्या: शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र, श्रेणी पद्धत समजावणारं पत्र ज्यात उत्तीर्ण व्हायला किमान किती लागतात हे असेल, आणि प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस. सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, तुमच्या वर्षाच्या पॅटर्नचाच. २०१५ पॅटर्नच्या मुलाने २०१९ पॅटर्न जोडला तर विषयांची नावं जुळणार नाहीत.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना निकालाची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या गोंधळात महिनोन्महिने रखडले होते, आणि परदेशी प्रवेश घेतलेल्यांचा जीव टांगणीला लागला होता. अनेक जर्मन विद्यापीठं आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणांवर अर्ज घेतात आणि पदवी नंतर मागतात. ती नेमकी कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे कोर्सच्या समन्वयकाला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

चौथी पायरी: एपीएस

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दिल्लीतलं हे कार्यालय तुमची कागदपत्रं खरी आहेत का आणि तुम्ही जर्मनीत शिकायला पात्र आहात का, एवढंच तपासतं. प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठं ते अर्जाबरोबरच मागतात, म्हणून व्हिसापर्यंत थांबून उपयोग नाही. पदवी हातात येण्याआधीही अर्ज करता येतो.

तपासणी कधी काही आठवड्यांत होते, कधी हंगामात लांबते. त्यांच्या यादीत जो कागद ज्या स्वरूपात मागितला आहे तसाच द्या. दहावी-बारावीच्या मार्कशीटपासून सगळं. केटी लागली असेल तर त्या सत्राच्या सगळ्या मार्कशीट जोडा, नापासाचीसुद्धा. ती लपवली तर कागदांचा संच अपुरा ठरतो. केटी असणं हा गुन्हा नाही.

पाचवी पायरी: अर्ज

काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात, बरीचशी युनि-असिस्टमार्फत. युनि-असिस्ट हे जणू टपाल कचेरी आणि छाननी समिती एकत्र. तुमचे कागद तपासून ते विद्यापीठाकडे पाठवतं. एका सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. काही ठिकाणी, म्युनिकचं तंत्र विद्यापीठ त्यातलंच, युनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी नावाचा तपासणी अहवाल घ्यायचा आणि तो विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः चढवायचा असतो. तो यायला काही आठवडे लागतात. शेवटच्या तारखेला अर्ज भरणारे इथेच अडकतात. कागद पोचले, पैसे पोचले नाहीत, तरी अर्ज अपुराच.

व्हीपीडीवर तुमचे गुण जर्मन मापात लिहिलेले असतात. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, आलेल्याला ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पासाला ४ लागत असतील तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. सातवाल्याचे २.५. बऱ्याच कोर्सेसना २.५ ची अट असते, त्यामुळे हा आकडा आधी काढा आणि मगच पैसे भरा. सीजीपीएची टक्केवारी स्वतःच्या सूत्राने करून कुठेही लिहू नका. कागदावर जे आहे तेच लिहायचं.

तारखांच्या बाबतीत ‘१५ जुलै’ हे सगळीकडे ऐकू येतं. ती सर्वसाधारण तारीख आहे. इंग्रजी कोर्सेसना युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ती अनेकदा बरीच आधी असते. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाला १ मार्च, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठात बहुतेक कोर्सेसना ३१ मे. म्हणून ऑक्टोबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या गणपतीत कोर्सची यादी पक्की, दिवाळीच्या आत ट्रान्सक्रिप्ट हातात आणि एपीएसचा अर्ज गेलेला, डिसेंबरपर्यंत आयईएलटीएस, आणि जानेवारीपासून अर्ज. आयईएलटीएसला ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतो, पण एखाद्या कोर्सला प्रत्येक भागात किमान ६ अशी अट असते, ती पाहा. काही कोर्सेस जीआरई ही प्रवेशपरीक्षाही मागतात. जर्मन मागितलं नसलं तरी ए१, ए२ या सुरुवातीच्या पातळ्या करून जा. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात, आणि वर्षभर हातात आहे.

मोटिव्हेशन लेटर, म्हणजेच एसओपी, आता लिहा. एक ते दीड पान. ‘लहानपणी खेळण्यातली गाडी उघडून पाहायचो’ यापासून सुरुवात नको, प्राध्यापकांनी ती गाडी हजारदा पाहिली आहे. चाकणच्या कारखान्यात इंटर्नशिप करताना वेल्डिंगच्या कोणत्या दोषावर काम केलं, काय मोजलं, कुठे अडलं, आणि या कोर्समधला कोणता विषय किंवा कोणाची प्रयोगशाळा त्या अडलेल्या जागेच्या जवळ जाते, हे लिहा. दुसऱ्या विद्यापीठाच्या कोर्सलाही जसंच्या तसं चालेल असं पत्र झालं असेल तर ते अजून झालेलं नाही. अनेक ठिकाणी पत्र स्वतःच लिहिल्याची सही घेतात, तेव्हा विकत घेतलेला किंवा यंत्राकडून करून घेतलेला मजकूर टाळा.

शिफारसपत्रासाठी गेलात की एचओडी सर म्हणणार, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ नाही म्हणणं अवघड असतं. पूर्ण पत्र नेण्याऐवजी मुद्द्यांचा एक कागद न्या: त्यांच्याकडे कोणता विषय होता, सेमिनार कशावर दिला, प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा काय. मग दोन सरांची पत्रं एकाच हाताची वाटत नाहीत. पत्र लेटरहेडवर असावं आणि संपर्कासाठी कॉलेजचा ईमेल असावा. काही पोर्टल थेट सरांनाच लिंक पाठवतात आणि ती स्पॅममध्ये जाते, तेव्हा त्यांना आठवण करायला लाजू नका.

सहावी पायरी: प्रवेश मिळाला, आता व्हिसा आणि खोली

ॲडमिशन लेटर आलं त्याच दिवशी दोन कामं. विद्यार्थी वसतिगृहासाठी श्टुडीरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेकडे अर्ज, कारण प्रतीक्षायादी लांब असते, म्युनिकमध्ये तर फारच. आणि व्हिसाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. व्हिसाचं शुल्क ७५ युरो. एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, प्रवेशपत्र, विमा, मोटिव्हेशन लेटर हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. व्हिसा नाकारला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज किंवा थेट न्यायालय, म्हणून पहिलाच अर्ज काटेकोर हवा.

खोली बाहेर शोधत असाल तर घर न दाखवता डिपॉझिट मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. ‘मी सध्या लंडनला आहे, किल्ली कुरिअर करतो’ ही फसवणूक जुनी आहे आणि दर सप्टेंबरला कुणीतरी तिला बळी पडतंच.

आरोग्य विमा तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेत विद्यार्थी दराने मिळतो. तीस ओलांडलेल्यांना तो दर सहसा मिळत नाही, हा खर्च नोकरी सोडून जाणाऱ्यांनी आधीच धरावा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पहिल्या सत्रात मात्र कमाईवर विसंबू नका. ब्लॉक्ड अकाउंटचे ९९२ युरो म्युनिकमध्ये भाडं आणि विम्यातच बरेचसे संपतात, लाइपझिग किंवा केमनिट्झमध्ये त्यात महिना निभतो.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. करार करतानाच तो मागून घ्या. बँक खातं आणि निवास परवाना, दोन्हींना ही नोंदणी लागते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तारीख मिळायला अनेक शहरांत महिने लागतात, तेव्हा व्हिसाची मुदत संपायची वाट न पाहता नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच तिथे अर्ज टाका आणि अर्ज मिळाल्याची पोच जपून ठेवा.